१२७ पर्यंत सगळे समान

बँकांपासून विमा कंपन्यांपर्यंत जिथे म्हणून जावा ही भाषा चालते, तिथे एक गंमत आजही शाबूत आहे. दोन वेगवेगळ्या ठिकाणी १२७ हा आकडा ठेवा आणि जावाला विचारा, हे दोन समान आहेत का हो? जावा म्हणते, आहेत. आता दोन्हीकडे १२८ ठेवा आणि पुन्हा विचारा. जावा तितक्याच शांतपणे म्हणते, छे, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, आपली थट्टा चालली आहे. पण जावाला विनोदबुद्धी नाही. तिच्याकडे फक्त नियम आहेत, आणि तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिने नियमाप्रमाणे बिनचूक दिलं आहे. प्रश्नच तुम्ही भलता विचारलात.

जावात आकडा दोन तऱ्हांनी राहतो. एक उघडा आणि एक डब्यातला. उघडा आकडा म्हणजे 'इंट', स्वस्त आणि चपळ. पण याद्या, संच, कोष अशा प्रतिष्ठित ठिकाणी उघड्या आकड्याला प्रवेश नाही. तिथे त्याला 'इंटिजर' नावाच्या डब्यात घालूनच न्यावं लागतं. २००४ मध्ये पाचवी आवृत्ती येईपर्यंत प्रोग्रामर मंडळी हे डबे हाताने भरत आणि हाताने उघडत. त्या आवृत्तीपासून भाषाच ते परस्पर करू लागली. सोय झाली, पण आपल्या हातात आकडा आहे की डबा, हेच दिसेनासं झालं.

डबा म्हटल्यावर स्टीलचाच डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे त्यावर नाव घालायची पद्धत आहे. दुकानातला माणूस सुईचं मशीन कर्रर्र फिरवून टिंबाटिंबांनी नाव कोरतो, खाली लग्नाची तारीख घालतो आणि आडनावातला एखादा रफार विसरतो. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून चकल्यांचा डबा येतो. आपल्या घरातही तसाच डबा असतो, त्याच दुकानातला, त्याच मापाचा, आणि आत चकल्याच. खाणाऱ्याला दोन्ही सारखे. पण डबा परत करायची वेळ आली की आई चष्मा लावते आणि डबा उलटा करून नाव वाचते. काकूंना 'असाच एखादा' डबा चालत नाही. त्यांना त्यांच्या भावाने दिलेला डबा हवा असतो. चकल्या मोजायच्या की नाव वाचायचं, हे खायला बसलो आहोत की परत द्यायला निघालो आहोत, यावर ठरतं.

जावातली == ही खूण नाव वाचते. आत चकल्या आहेत की खिळे, याच्याशी तिला कर्तव्य नाही. झाकण उघडून आत बघायचं असेल तर 'इक्वल्स' म्हणावं लागतं. मग १२७ चं कसं जमलं? तर −१२८ पासून १२७ पर्यंतचे २५६ डबे भाषेने आधीच भरून फळीवर मांडून ठेवले आहेत. लहान आकडे सारखे लागतात, दर वेळी नवा डबा कोण काढत बसणार? त्यामुळे १२७ मागणाऱ्या प्रत्येकाला फळीवरचा तोच डबा मिळतो, आणि नाव वाचलं तरी जुळतं. १२८ मागणाऱ्याला मात्र कोरा करकरीत नवा डबा. आतला माल तोच, पण नावं वेगळी. त्यातून फळी किती लांब करायची, हे जावा सुरू करताना एका सेटिंगने वाढवताही येतं. म्हणजे १२८ हा १२८ आहे की नाही, हे त्या दिवशी सर्व्हर कोणी चालू केला यावर अवलंबून.

या २५६ डब्यांनी आमच्या धंद्यात जेवढे रविवार खाल्ले तेवढे मुख्यमंत्र्यांच्या सभांनी पोलिसांचे खाल्ले नसतील. कारण ही चूक कधीच घरी सापडत नाही. आमच्या शेजारच्या टेबलावरचा संवाद ऐकण्यासारखा होता.

"सर, लोकलला चालतंय."

"अगं, लोकलला ग्राहक किती आहेत?"

"दहा."

"मग चालणारच. दीडशे करून बघ."

दीडशे केले. पहिल्या १२७ जणांना आपापली बिलं मिळाली आणि १२८ व्याला 'असा ग्राहक अस्तित्वात नाही' असा निरोप मिळाला. चाचणीसाठी माणूस नेहमी १, २, ३ असेच ग्राहक तयार करतो. फार उत्साहात असला तर १० पर्यंत जातो. फळीबाहेरचा ग्राहक थेट प्रत्यक्ष कारभारातच उगवतो, आणि तोही शुक्रवारी संध्याकाळी.

पायथॉन या भाषेत अशीच फळी आहे. म्हणजे भाषेचा तसा नियम नाही, पण जगभर जी पायथॉन वापरली जाते तिच्यात −५ पासून २५६ पर्यंतचे आकडे तयार ठेवलेले असतात. ऋण संख्यांच्या बाबतीत एवढा हात आखडता घेण्याचं काही कारण असेलच. पण पायथॉनने शहाणपण असं केलं की तिथे == ही खूण झाकण उघडून बघते आणि नाव वाचायला 'इज' असा वेगळा शब्द आहे. तरीही आकड्यांपुढे 'इज' लावणारे निघतातच. अलीकडच्या आवृत्त्या तर थेट लिहिलेल्या आकड्यापुढे 'इज' दिसलं की टोकतात.

अक्षरांची कथा आणखी मजेची. जावातल्या प्रोग्राममध्ये दोन ठिकाणी 'पुणे' असं थेट लिहिलं, तर भाषा 'पूल' नावाच्या साठ्यात एकच 'पुणे' ठेवते आणि दोघांना तेच दाखवते. इथे == म्हणालात तर हो. पण वापरणाऱ्याने कीबोर्डवरून 'पुणे' टाइप केलं की ते पुणे वेगळं. दिसायला तसंच, बाणा तोच, पण == ला ते मान्य नाही. पुण्याबाहेरून आलेल्या कोणालाही या वागणुकीचं नवल वाटणार नाही.

या एका मुद्द्यावर हिंजवडी आणि खराडीतले कित्येक संसार उभे आहेत. नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न विचारला नाही तर मुलाखत झाल्यासारखी वाटत नाही. "न्यू स्ट्रिंग म्हणून 'एबीसी' लिहिलं तर ऑब्जेक्ट किती तयार होतील?" उमेदवार म्हणतो, "दोन." मुलाखत घेणारा किंचित हसतो आणि राखून ठेवलेला बाण सोडतो, "आणि पूलमध्ये 'एबीसी' आधीच असेल तर?" उमेदवार म्हणतो, "एक." दोघंही समाधानाने मागे टेकतात. प्रश्नही क्लासच्या नोट्समधला, उत्तरही त्याच पानावरचं, आणि दोघांनाही ते ठाऊक असतं. पुढची तीन वर्षं तो मुलगा 'सबमिट' बटणाचा रंग बदलत बसतो, ही गोष्ट वेगळी.

'इक्वल्स' म्हटलं म्हणजे सुटलो असं मात्र नाही. आपण नवीन प्रकारची वस्तू तयार केली, समजा 'ग्राहक', तर दोन ग्राहक कधी समान मानायचे हे जावाला माहीत असण्याचं कारण नाही. ते तुम्हीच लिहून द्यायचं. नाही दिलं तर तीही नावच वाचते. लिहून देताना अटी आहेत. प्रत्येक वस्तू स्वतःच्या बरोबरीची असलीच पाहिजे. हा त्याच्या बरोबरीचा असेल तर तोही ह्याच्या बरोबरीचा असला पाहिजे. हा त्याच्या आणि तो तिसऱ्याच्या, तर हा तिसऱ्याच्याही. मध्ये कोणी बदललं नसेल तर उत्तर आज एक, उद्या एक असं चालणार नाही. आणि 'नल' म्हणजे जिथे काहीच नाही, त्याच्या बरोबरीचं कोणीही नाही. अटी वाचायला अगदी सरळ आहेत. जोशुआ ब्लॉक यांनी २००१ मध्ये 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकात यावर पानंच्या पानं खर्ची घातली, आणि ती वाया गेली नाहीत, कारण ज्यांनी या अटी घातल्या त्यांच्याच घरात त्या मोडलेल्या आहेत.

जावाबरोबर येणारे तारखांचे दोन प्रकार घ्या, 'डेट' आणि 'टाइमस्टॅम्प'. त्याच क्षणाची एक डेट आणि एक टाइमस्टॅम्प समोरासमोर उभे करा. डेटला विचारा, हा तुझ्या बरोबरीचा का? ती म्हणते, हो. टाइमस्टॅम्पला विचारा, तर तो म्हणतो, मुळीच नाही. हे एकतर्फी प्रकरण भाषेच्या अधिकृत कागदपत्रांत कबूल केलेलं आहे आणि ते तसंच पुढे चालू आहे.

वेबसाइटच्या पत्त्यासाठी 'यूआरएल' नावाचा जुना प्रकार आहे. त्याचे दोन नग समान आहेत का असं विचारलं, तर तो नुसती अक्षरं ताडून बघत नाही. तो नेटवर जातो, दोन्ही नावांमागचे आयपी क्रमांक काढतो आणि ते जुळले तर दोन्ही यजमान एकच असं जाहीर करतो. एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळं नांदत असतात, याची त्याला फिकीर नाही. म्हणजे उरलेला पत्ता सारखा असला की लोणच्याचं दुकान आणि विवाह मंडळ एकच ठरू शकतात. नेट बंद असेल तर पुन्हा वेगवेगळे! घाटात रेंज गेली की समानता गेली. नुसतं 'सारखं का?' विचारायला चारचौघांत चौकशी करत फिरणारा हा प्रकार पाहिला की स्थळं बघणाऱ्या आत्यांची आठवण होते.

पैशांचा हिशोब करायचा 'बिगडेसिमल' तर याहून काटेकोर. त्याच्या इक्वल्सच्या मते २.० आणि २.०० समान नाहीत, कारण एकात दशांशापुढे एक घर आहे आणि दुसऱ्यात दोन. मात्र लहान कोण, मोठा कोण अशी तुलना करायला सांगितली तर तोच म्हणतो, दोघंही एकाच उंचीचे. म्हणजे कोणी कोणाहून मोठं नाही, लहान नाही, आणि समानही नाही. हिशोबतपासनिसांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना काहीच वावगं वाटलं नाही.

'हॅशकोड'चा उल्लेख केला नाही तर जाणकार रागावतील. समान वस्तूंचा हॅशकोड समान हवा, कारण हॅशसेटसारख्या संचात वस्तू कोणत्या कप्प्यात टाकायची हे त्यावरून ठरतं. आता वस्तू कप्प्यात ठेवल्यावर तिच्यातलं नाव बदललं, तर संच तिला नव्या कप्प्यात शोधतो आणि ती जुन्या कप्प्यात बसून राहते. संच ओळीने वाचला तर ती आहे. 'आहे का?' असं विचारलं तर नाही. मतदानाच्या दिवशी यादीत ज्यांनी स्वतःचं नाव शोधलं आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

बरोबरीच्या खुणेलाच मुळात एवढं महत्त्व आलं ते रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्समधल्या वैद्य-गणितज्ञामुळे. १५५७ मध्ये छापलेल्या 'द व्हेटस्टोन ऑफ विट' या पुस्तकात त्याने ही खूण पहिल्यांदा वापरली. 'समान आहे' असं पुन्हापुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला होता, म्हणून त्याने सारख्या लांबीच्या दोन समांतर रेषा ओढल्या, कारण याहून समान दोन गोष्टी असूच शकत नाहीत असं त्याचं मत. जावाला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की दोन रेषा दोन ठिकाणी आहेत, सबब त्या समान नाहीत. पुढच्याच वर्षी रेकॉर्ड कर्जापायी तुरुंगात असताना वारला, त्यामुळे हा वाद टळला.

त्याची एक खूण चारशे वर्षं पुरली. मग संगणक आले आणि एकाच खुणेवर दोन कामं पडली: एक, 'याला हे दे' आणि दुसरं, 'हे याच्याएवढं आहे का?' सी भाषेच्या कर्त्यांनी एक रेषाजोडी देण्याच्या कामाला लावली आणि विचारण्याच्या कामाला दोन जोड्या. त्यांच्या पुस्तकातलं कारण असं की प्रोग्राममध्ये देणं हे विचारण्याच्या सुमारे दुप्पट वेळा लागतं, तेव्हा त्याची खूण निम्मी असलेली बरी. हे गणित अमेरिकेत न्यू जर्सीत बसून केलेलं आहे, सदाशिव पेठेत नव्हे. या काटकसरीची किंमत २००३ च्या नोव्हेंबरात जवळजवळ वसूल झाली होती. लिनक्सच्या गाभ्याच्या एका प्रतीत कोणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या. वरवर वाचलं तर 'वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का?' अशी साधी चौकशी. प्रत्यक्षात तिथे = एकदाच लिहिलेलं होतं, म्हणजे चौकशी राहिली बाजूला आणि वापरणाऱ्याला शून्य क्रमांक बहाल. शून्य क्रमांक म्हणजे सगळ्या किल्ल्या हातात. मूळ भांडारात या बदलाची नोंद नव्हती, म्हणून तो पकडला गेला.

त्याच्या आधीच, १९९५ मध्ये, ब्रेंडन आइख यांनी नेटस्केपसाठी दहा दिवसांत जावास्क्रिप्ट तयार केली. तिची == ही खूण कमालीची समजूतदार. आकडा आणि अक्षर समोर आले तर ती कोणालाही दुखवत नाही, एकाला दुसऱ्यासारखं करून घेते आणि मग बघते. परिणामी रिकामं अवतरण शून्याच्या बरोबरीचं. शून्य हे अवतरणातल्या '0' च्या बरोबरीचं. पण रिकामं अवतरण आणि अवतरणातला '0' यांचं मात्र जमत नाही. अशा समजूतदारपणाने घरं मोडतात. १९९९ च्या प्रमाणित आवृत्तीत तिसरी रेषाजोडी आली, ===, म्हणजे 'जे आहे ते आहे, समजूत घालू नका'. पुढे कॉटलिन भाषेने हेच === घेतलं, पण नाव वाचायच्या कामासाठी. सबब एका भाषेतली === ही खूण दुसऱ्या भाषेतल्या === या खुणेच्या बरोबरीची नाही. लिस्पवाल्यांनी या भानगडीत न पडता ईक्यू, ईक्यूएल, ईक्वल आणि ईक्वलपी अशा चार पायऱ्या करून ठेवल्या आहेत. वरपासून खाली येत जावं, तसतसा स्वभाव सैल होत जातो.

स्वतःच्या बरोबरीचाही नसलेला एक जीव या मुलखात आहे. शून्याला शून्याने भागलं की जे निघतं ते 'नॅन', म्हणजे संख्या नव्हे. १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकात ठरलं की नॅन कोणाच्याही बरोबरीचा नाही, नॅनच्याही नाही. त्यामुळे हातातली गोष्ट नॅन आहे का हे ओळखायची जुनी युक्ती म्हणजे, 'तू स्वतःच्या बरोबरीचा आहेस का?' असं विचारायचं. नाही म्हणाला की नॅन. जावात मात्र याच नॅनला डब्यात घालून इक्वल्स विचारलं तर तो मुकाट्याने म्हणतो, हो, मी मीच.

डेटाबेसमध्ये याचा चुलतभाऊ राहतो, 'नल'. ज्या रकान्यात काही भरलेलंच नाही, तिथे नल. नल हा नलाच्या बरोबरीचा आहे का, या प्रश्नाला डेटाबेसची भाषा एसक्यूएल हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ती म्हणते, सांगता येत नाही. 'ज्यांचं गाव = नल, ते दाखवा' म्हटलं तर एकही ओळ येत नाही, आणि नवशिका खूष होऊन कळवतो की सगळ्यांची गावं भरलेली आहेत.

कोणता नल कोणत्या नलाच्या बरोबरीचा, हा पेच आपल्याकडे एकदा भर मंडपात पडलेला आहे. महाभारताच्या वनपर्वातलं दमयंतीचं स्वयंवर. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम चौघंही हुबेहूब नलाचं रूप घेऊन नलाशेजारी बसले. दमयंतीपुढे पाच नल. तेच डोळे, तेच खांदे, तीच वस्त्रं. इक्वल्सने काम भागलं असतं तर तिने कोणाच्याही गळ्यात माळ घालून मोकळं व्हायला हरकत नव्हती. पण तिला नलासारखा नवरा नको होता, नल हवा होता. तिने देवांनाच विनवलं, आणि देवांनी आपापल्या खुणा उघड केल्या. चौघांना घाम नाही, पापण्या लवत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत, गळ्यातली फुलं टवटवीत. पाचव्याला घाम फुटलेला, अंगावर धूळ, हार कोमेजलेला आणि सावली पडलेली. रूप घेताना देवांनी बाकी सगळं उतरवलं, पण घाम येण्याची तरतूद करायची राहिली. आमच्याकडे याला अर्धवट अंमलबजावणी म्हणतात आणि पुढच्या आवृत्तीत सुधारू असं कळवतात.

देवांची गोष्ट सोडा. मराठीच्या कीबोर्डवर रोज हेच स्वयंवर चालतं. 'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा ऱ टंकायच्या तीन तऱ्हा आहेत. युनिकोडमध्ये ऱ ला स्वतःचा क्रमांक आहे, तो वापरून पुढे हलन्त द्यावा. किंवा साधा र घेऊन त्याखाली नुक्ता द्यावा आणि मग हलन्त. किंवा साधा र, हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा एक जोडणारा. फॉन्ट बरा असेल तर पडद्यावर तिन्ही कुऱ्हाडे एकसारखे. पहिले दोन समान मानावेत असं युनिकोडने सांगितलेलं आहे, पण ते सॉफ्टवेअरने मनावर घेतलं तर. तिसऱ्याला त्या समानतेत जागाच नाही. 'ॲप'मधल्या ॲ चंही तेच. त्याचं स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये आलं, तोवर लोकांनी अ वर चंद्र चढवून भागवलं होतं, आणि ते अजूनही तसेच चढवतात.

एका पतसंस्थेत सभासदांची यादी अशी तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या कीबोर्डांवर भरलेली होती. कुऱ्हाडे शोधले की काही सापडत, काही नाही. शोधणारं यंत्र बदललं की सापडणारे कुऱ्हाडेही बदलत. खिडकीतल्या मॅडमना मी ऱ, नुक्ता, अदृश्य जोडणारा, सगळी अक्षरं एका रूपात आणण्याची प्रक्रिया, असं सगळं कागदावर काढून दाखवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते करा तुम्ही सावकाश, सर. मी नुसतं 'कु' टाकते आणि खाली बघत जाते. कुलकर्णी सुरू व्हायच्या आत सगळे कुऱ्हाडे येऊन जातात."

मी नंतर क्रमांक लावून पडताळून पाहिलं. तिन्ही तऱ्हांचे येतात.